क्लिप ००४७

पडद्यावर एका वेळी बारा चौकटी मावतात.
प्रत्येकीच्या कोपऱ्यात आकडा, वेळ,
आणि मी ठरवलं तर कुलूप.

पहिल्या पानावर नुसतं घर आहे.
डॉन फिदेल बारीयांचं, आलेर्से लाकडाच्या खपल्यांनी मढवलेलं,
दारं काढलेली, खिडक्यांना आडव्या पट्ट्या ठोकलेल्या,
धुराड्याचा पाइप आत आडवा निजवलेला.
समोरच्या बेटावर जायचं होतं त्याला, मुलीच्या जमिनीत.
इतर लोक सामान हलवतात.
आम्ही चिलोएत घर हलवतो,
सामान मागाहून होडीने येतं.

मला सांगितलं होतं, एदिता, सगळं घे.
मी सगळं घेतलं.
बैलांच्या अकरा जोड्या, प्रत्येक जोडीची वेगळी क्लिप.
ओंडक्यांना चरबी फासणारे हात.
दोर तुटला तो,
आणि दोर तुटल्यावर कोण काय बोललं तेही,
पाद्री शेजारीच उभा असताना.
रात्री माझ्या चुलीजवळ बसून खुणा केल्या:
बरी असेल तिला बरोबरची खूण,
फारच बरी असेल तिला कुलूप.
कुलपं जरा सढळ हाताने लावली गेली.
शेजारणीच्या कुत्र्यालाही एक लागलं.

दुसऱ्या दिवशी भरती चार वाजून दहाला.
पाणी आधी जोत्याखाली बांधलेल्या पिंपांशी आलं,
मग उंबऱ्याशी.
घर एकदा कुरकुरलं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं,
आणि उचललं गेलं.

नेमकं तेव्हा:
कार्ड भरलं.

लाल अक्षरांत. खाली दोनच शब्द, पुसा आणि रद्द.
तीन होड्यांनी दोर ताणलेले,
काठावर अख्खं गाव ओरडतंय,
आणि घर माझ्याकडे पाठ करून निघालेलं.

गारठलेल्या अंगठ्याने चौकटी धुंडाळल्या.
कुत्रा: कुलूपबंद, पुसता येणार नाही.
बैल: कुलूपबंद.
तुटका दोर: कुलूपबंद.
आधी कुलूप काढा, मग खात्री करा, मग पुन्हा खात्री करा.
इतका अविश्वास माझ्यावर सासूनेही दाखवला नव्हता.
मोकळ्या होत्या त्या दोन-चार सेकंदांच्या,
त्यांनी काय जागा होणार.

एकच लांब होती. सकाळचीच, बिनखुणेची.
००३१, सहा मिनिटं.
रिकाम्या स्वयंपाकघरात डोन्या एर्सीरा झाडू मारतेय.
तासा-दोन तासांत समुद्रात जायच्या घराची जमीन
झाडतेय.
एक कोपरा झाला की परत तोच कोपरा.
बोलत नाही, वर बघत नाही.
घेताना मला वाटलं होतं, यात काही घडत नाही.

पुसा.
होय.
नक्की होय.

मग ००४७ सुरू झाली. ती सगळ्यांनी पाहिलीय.
राखाडी पाण्यावर छप्पर, पुढे होड्या,
माडीच्या खिडकीत विसरलेला एक पडदा हलतोय.
पुएर्तो मोंतहून पाहुणे आले की हीच लावतात,
आणि त्या पडद्याशी प्रत्येक जण थांबवायला सांगतो.

घर पलीकडे बसलं, दारं लागली, पहिला धूर निघाला.
तीन आठवड्यांनी एर्सीरा माझ्याकडे आली, टोपलीत बटाटे घेऊन.
मी ००४७ लावली. तिने हात हलवला:
हे नको, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.
मी झाडत होते ते लाव.

म्हटलं, बॅटरी उतरलीय.
ती म्हणाली, बरं, तू पाहिलंस ना?
चूल होती तिथली काजळी निघाली होती का?
निघाली होती, म्हटलं.
खिडकीखालची?
तीही.
मग ती निवांत बसली,
बटाटे कोणत्या वाफ्यातले ते सांगत.

कॅमेरा आकडे नव्याने लावत नाही.
तीस, मग बत्तीस.
पानं उलटताना तिथे दर वेळी अंगठा अडखळतो,
पायरी आहे समजून पाऊल टाकावं तसा.

कुत्रा अजून कुलुपात आहे.